सात बुधवार

"मामा, या सात बुधवारी तुमच्या लाळेत औषधच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद त्याच्या बाजूला वळवला.

कागदावर चोवीस ओळी होत्या, प्रत्येक ओळ एका बुधवारची. नवव्या ओळीपासून पंधराव्या ओळीपर्यंत कुणीतरी पिवळ्या पेनाने पट्टा ओढला होता. त्या पट्ट्यात औषधाच्या रकान्यात नुसती शून्यं होती. वर आकडे, खाली आकडे, मधे शून्यं. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. शून्यं हलली नाहीत.

तो म्हणाला, मी रोज घेतो. अकरा वर्षांत एक दिवस चुकवलेला नाही.

बाई म्हणाल्या, मला खरं वाटतं, पण कागदाला वाटत नाही. घरी न्यायला दिलेलं औषध माणसाच्या अंगात सापडत नसेल, तर ते गेलं कुठे असा प्रश्न येतोच. त्या बाटल्यांना बाहेर गिऱ्हाईक आहे, हे व्यसनमुक्ती सेंटरमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. दहा दिवसांनी समितीची बैठक होती. तोपर्यंत घरच्या बाटल्या बंद. रोज सकाळी सातला खिडकीशी येऊन सिस्टरांच्या समोर प्यायचं. आणि समितीचं समाधान झालं नाही, तर नाव कमी होणार.

नाव कमी होणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. औषध तुटलं की तिसऱ्या दिवशी अंग मोडून येतं, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, हाडांच्या आत खाज सुटल्यासारखी होते, आणि मग पाय आपोआप जुन्या वाटेला लागतात. त्या वाटेवर त्याची चौदा वर्षं गेली होती.

तो एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत कामाला होता. तळघरात गरम रोलर चालायचा; एका बाजूने ओली चादर आत जायची, दुसऱ्या बाजूने कोरडी, कडक, पापडासारखी बाहेर यायची. दिवसभर वाफेत उभा म्हणून सगळे त्याला वाफेमामा म्हणत. नाव चिकटलं आणि त्याच्याच तोंडून सेंटरपर्यंत पोचलं. लाँड्रीतल्या कुणाला सेंटर माहीत नव्हतं. मामांना पोटाचा विकार आहे, सकाळी औषध घ्यावं लागतं, एवढंच त्यांना माहीत होतं.

बायको होती तोवर औषधाची पेटी कपाटात असायची आणि पेटीची किल्ली त्याच्या गळ्यात. ती गेल्याला आता चार महिने झाले होते. कामावरून आली, चपला काढायला वाकली, आणि परत उठली नाही. डोक्यातली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले. एकोणीस वर्षं ती एका दातांच्या दवाखान्यात बसायची. फोन घ्यायची, नंबर लावायची, घाबरलेल्या पेशंटांना बोलण्यात गुंतवायची. त्या दवाखान्याने तिच्या खुर्चीवर अजून दुसरं माणूस बसवलं नव्हतं. तो एकदा तिचा डबा आणायला गेला तेव्हा त्याने पाहिलं, खुर्चीच्या पाठीला तिचा स्वेटर तसाच लटकत होता.

बुधवारच्या नळ्या तिच्या जिवंतपणीच्या. सेंटरमध्ये एक अभ्यास चालू होता आणि बाईंनी त्याला विचारलं होतं, येता का. त्यांनी सोपं करून सांगितलं होतं. माणसाच्या अंगात ताणाचं एक रसायन असतं, कॉर्टिसॉल. जाग आली की अर्ध्या तासात ते चढतं, जणू अंग दिवसाची तयारी करतं, आणि मग संध्याकाळपर्यंत हळूहळू उतरतं. पुडीवरच्या, म्हणजे गर्द ओढणाऱ्या माणसाचं हे चढणं-उतरणं पार विस्कटतं. नशा असली की दबतं, नशा उतरली की उसळतं, आणि ते उसळलं की तलफ उसळते. रोजचं औषध नीट लागू पडलं, तर काही महिन्यांत ती गाडी रुळावर येते असं दिसतं. किती येते, कुणाची येते, ते बघायचं होतं. म्हणून आठवड्यातून एकदा, उठल्या उठल्या कापसाचा बोळा दोन मिनिटं चघळायचा आणि नळीत टाकायचा. अर्ध्या तासाने दुसरा. मधे चहा नाही, पाणी नाही, दात घासणं नाही. नळ्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात. सहा महिने झाल्यावर सगळ्या नळ्या एकदम तपासायच्या. त्याच्या नळ्या ती जायच्या आधीच पुऱ्या झाल्या होत्या; सगळ्या पेशंटांच्या जमल्यावर त्या आत्ता तपासल्या होत्या.

बायकोने ते काम लगेच आपल्याकडे घेतलं होतं. तोंडात कापूस म्हणजे तिच्या रोजच्या ओळखीची गोष्ट. "अहो, चावू नका, जिभेखाली धरा. आमचे पेशंट तुमच्यापेक्षा शहाणे," ती म्हणायची. नळ्यांवर तारीख तिच्या अक्षरात असायची.

त्या दिवशी लाँड्रीत त्याचं चित्त नव्हतं. रोलरच्या दुसऱ्या टोकाला मावशी उभी असायची. डबल बेडच्या चादरीची घडी एकट्याने होत नाही; दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा लांब जायचं. दिवसातून चारशे वेळा ते एकमेकांजवळ यायचे आणि लांब जायचे.

"मामा, चादर धरलीय की स्वप्न?" मावशी म्हणाली. "मघापासून मीच ओढतेय."

वाफेत तो ते सात बुधवार शोधत होता. पहिले आठ त्याला स्पष्ट आठवत होते. घड्याळाचा गजर, अंधुक खोली, जिभेखाली कोरडा कापूस, आणि ती पलंगाच्या कडेला बसून मिनिटं बघतेय. नंतरचे आठवायला गेलं की सगळं पाण्याखाली गेल्यासारखं व्हायचं. भिंतीवर ऊन आलेलं असायचं. तो दचकून उठायचा, गजर झालाच नाही म्हणायचा. आणि ती म्हणायची, दिलंत की तुम्ही. झोपेतच दिलंत, दोन्ही वेळा. आठवत नाही?

त्याला आठवायचं. म्हणजे तेव्हा तरी आठवल्यासारखं वाटायचं. कापसाची चव, तिचा हात, नळीचं टोपण लागल्याचा आवाज. त्या दिवसांत झोप इतकी दाट होती, की त्यातून आपण काय काय करून आलो हे सांगता आलं नसतं. एकदा त्याला वाटलं होतं, आपण झोपेत उठून लाँड्रीत गेलो, सगळ्या चादरी घडी केल्या आणि परत येऊन झोपलो. ती हसली होती. म्हणाली, मग आज सुट्टी घ्या.

दुपारी चहाची सुट्टी झाली. मावशीने त्याच्यापुढे कप ठेवला आणि तो कपाकडे बघत राहिला.

चहा. त्या बुधवारी तो उठायचा तेव्हा उशाशी चहा ठेवलेला असायचा, वर बशी झाकलेली. ती नियमाची एवढी पक्की, की दुसरी नळी बंद होईपर्यंत त्याला पाण्याचा घोट घेऊ द्यायची नाही. चहा तयार, म्हणजे दोन्ही नळ्या झालेल्या. माणूस झोपेत एकदा कापूस चघळेल एक वेळ. अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा नाही.

त्याने कप खाली ठेवला. मावशीने विचारलं, साखर कमी पडली का. तो नाही म्हणाला.

कुणी चघळला, हे त्याला तेव्हाच कळलं. का, हे कळायला घरी जाईपर्यंतचा रस्ता लागला.

त्या सुमारास लाँड्रीत नवीन मशीन येणार, चार माणसं घरी जाणार, अशी कुजबुज होती. त्याची झोप उडाली होती, आणि वर्षानुवर्षं गप्प बसलेली तलफ पुन्हा बोलायला लागली होती. बाईंनी औषध वाढवलं. साठ मिलिग्रॅमचं पंच्याऐंशी केलं. असं होतं, म्हणाल्या, बाहेरचा ताण वाढला की आतलं गणित बदलतं, यात लाज कसली. त्याला मात्र लाज वाटली. कारण घरी बायको दर सोमवारी बाटल्या आल्या की विचारायची, कितीवर आलं? ती वाट बघत होती. औषध उतरत उतरत संपेल आणि मग पेटी, किल्ली, खिडकी काही नको, दोघं कुठे तरी महिनाभर जाऊन राहू, असं तिचं होतं. तिने कधी घाई केली नाही. नुसतं विचारायची. त्याने सांगितलं, पंचावन्न. पुढच्या महिन्यात सांगितलं, पन्नास. बाटलीवरचा आकडा तो ओल्या अंगठ्याने पुसायचा.

वाढलेलं औषध अंगवळणी पडायला सहा-सात आठवडे गेले. तोवर तो जेवताना पेंगायचा, बोलता बोलता डोळे मिटायचे. आणि ती बघत होती. औषध कमी होतंय म्हणणारा, बाटल्यांवरचे आकडे पुसणारा, दिवसाउजेडी पेंगणारा नवरा. चौदा वर्षं तिने असंच पेंगणं पाहिलं होतं. ते कशाचं असतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

तिने एक शब्द विचारला नाही. सेंटरला कळू नये, नाव जाऊ नये, म्हणून तिने त्याला झोपू दिलं आणि आपला कापूस नळीत टाकला. तिच्या हिशेबाने स्वच्छ नळी ती चांगली नळी. दातांच्या दवाखान्यात तसंच असतं. आपल्या नळीत औषध सापडलं पाहिजे, नाही तर पंचाईत, हे तिला माहीत असायचं कारणच नव्हतं. ते फक्त खिडकीशी उभं राहणाऱ्यांना माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी औषध पिऊन झाल्यावर तो डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेला. रस्त्याने त्याने दोनदा विचार केला होता, की हे सांगूच नये. म्हणावं, हो, विकल्या बाटल्या. तिचं नाव निदान कुठल्या कागदावर लबाडी म्हणून यायचं नाही. पण मग आपण महिनाभरात कुठे असू, हेही त्याला दिसत होतं. आणि ते तिला नको होतं, यासाठीच तर सगळं.

त्याने सांगितलं. आधी कापसाचं आणि चहाचं सांगितलं, ते सोपं गेलं. मग बाईंनी विचारलं, पण त्यांनी असं का करावं?

"कारण मी तिच्याशी खोटं बोललो," तो म्हणाला. "वाढवलेलं औषध मी तिला कमी झालं म्हणून सांगितलं."

बाईंनी पिवळ्या पट्ट्याचा कागद पुन्हा समोर ओढला. मग म्हणाल्या, तपासता येईल. नळ्यांत थोडं थोडं शिल्लक आहे. लाळ बाईची की पुरुषाची एवढं प्रयोगशाळा सांगते. आठवडा लागेल.

तो आठवडा विचित्र गेला. रोज सकाळी खिडकीशी रांगेत उभं राहायचं, कडू-गोड औषध प्यायचं, वर पाणी प्यायचं, तोंड उघडून दाखवायचं. खिडकीतल्या सिस्टर पंधरा वर्षं तिथेच होत्या आणि सगळ्यांशी सारख्याच खेकसायच्या. मग लाँड्री. वाफेत चादरी येत राहायच्या आणि तो दोन गोष्टी एकदम मागत राहायचा. लाळ बाईची निघू दे, म्हणजे नाव राहील. लाळ बाईची निघू नये, म्हणजे तिने आपल्याला पुन्हा नशेत पडलेला मानलं नसेल. यंत्राची काही चूक असेल, नळ्या दुसऱ्या कुणाच्या असतील; मग ती गेली तेव्हा तिच्या मनात माझ्याबद्दल काही वाईट नव्हतं. एक निघालं की दुसरं जाणार होतं. कधी कधी त्याला वाटायचं, दुसरंच खरं निघावं, मग समितीने काय करायचं ते करावं.

चौथ्या दिवशी तलफ आली. चादर जवळ आणताना त्याच्या तळव्यांना घाम फुटला आणि जुनी गोडी जिभेच्या मागे येऊन बसली. औषध पोटात होतं, सकाळीच घेतलेलं. तरी आली. संध्याकाळी त्याचे पाय पुलाखालच्या जुन्या अड्ड्याकडे वळले. तिथे भिंतीला टेकून एक माणूस बसला होता. त्याने याला ओळखलं की नाही कळेना, पण तो सरकला, जागा करून दिल्यासारखा. हा तिथे थोडा वेळ उभा राहिला. डोक्यावरून गाड्या जात होत्या आणि पुलाचा आवाज लाँड्रीच्या रोलरसारखा एकसुरी येत होता. त्या आवाजात बसून राहावं असं वाटत होतं. मग त्याला आठवलं, उद्या सातला तोंड उघडून दाखवायचं आहे. तो घरी गेला.

सकाळी त्याने खिडकीशी सांगितलं, काल फार होतं. सिस्टरांनी खेकसणं सोडून त्याच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, ताणाने येतं ते. औषध पाया धरून ठेवतं मामा, वरचं घर आपण हलवलं तर हलणारच. बसा दहा मिनिटं. तो बाकावर वीस मिनिटं बसला.

आठव्या दिवशी बाईंनी बोलावलं. सिस्टरही खोलीत होत्या, फॉर्म घेऊन.

"बाईची आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सातही."

समितीला आता काही विचारायचं उरलं नव्हतं. पुढच्या सोमवारपासून बाटल्या पुन्हा घरी. त्याने मान हलवली. खांद्यावरचं ओझं उतरलं आणि त्याच जागी दुसरं बसलं, असं काहीसं झालं. तो म्हणाला, त्या रसायनाचे आकडे बघू का. तिचे.

बाईंनी संगणकावर दोन रेघा दाखवल्या. एक त्याची, इतर बुधवारची. खालून निघायची, अर्ध्या तासात चढायची. छान आहे, बाई म्हणाल्या, न घेणाऱ्या माणसासारखी आहे. दुसरी तिची. ती वरूनच निघत होती आणि तशीच सपाट पुढे जात होती.

त्याने विचारलं, म्हणजे काय. बाई म्हणाल्या, एवढ्यावरून ठाम काही सांगता येत नाही. त्यांच्यासाठी हा अभ्यास नव्हता. त्याने पुन्हा विचारलं.

"माणूस नुकताच झोपेतून उठला असेल तर रेघ चढते," त्या म्हणाल्या. "ही आधीच चढलेली आहे. पहिला कापूस तोंडात धरला तेव्हा त्या जाग्या होऊन बराच वेळ झाला असावा."

"सातही बुधवारी?"

"सातही."

त्याने जे विचारलं नाही तेही बाईंनी ओळखलं. म्हणाल्या, यामुळे त्या गेल्या असं मनात आणू नका. तसं म्हणायला आधार नाही. तो बरं म्हणाला.

ती का जागी असायची, ते त्याला माहीत होतं. पहिल्या वर्षी सेंटरने घरच्यांना एक पत्रक दिलं होतं. नशा बरेच दिवस सोडलेला माणूस ती पुन्हा घेतो तेव्हा धोका झोपेत असतो. श्वास मंद होत होत थांबतो. घरच्यांनी श्वासावर लक्ष ठेवावं. तिने ते पत्रक चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलं होतं, आणि ती गेल्यावर त्याला ते तिथेच मिळालं होतं, घड्यांवर फाटलेलं.

सिस्टरांनी फॉर्म पुढे केला. सात बुधवारच्या चौदा नळ्या अभ्यासातून काढायच्या होत्या, त्याच्या सहीने. कारणाच्या रकान्यात सिस्टरांनी आधीच लिहिलं होतं, नमुना दुसऱ्या व्यक्तीचा. लबाडी हा शब्द कुठे नव्हता. खाली त्या व्यक्तीचं नाव आणि नातं. त्याने तिचं पूर्ण नाव लिहिलं, तिच्या वडिलांकडचंही. नात्यापुढे पत्नी लिहिलं.

"सोळाव्या बुधवारी नळी परत तुमची आहे," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही सावरलात असं वाटलं असेल त्यांना."

"मी पडलोच नव्हतो, सिस्टर."

"हो. पण त्यांना वाटलं होतं. आणि तरी सकाळी चहा ठेवत होत्या." त्यांनी फॉर्म ओढून घेतला. "सही तारखेसकट करायची असते. किती वेळा सांगायचं."

त्याने तारीख घातली.

त्या दिवशी तो लाँड्रीत गेला नाही. घरी आला तेव्हा अकरा वाजले होते आणि पलंगावर ऊन पडलं होतं. चार महिने तो स्वतःच्याच बाजूला झोपत आला होता, भिंतीकडे तोंड करून. आयुष्यभर तो तसाच झोपायचा. आज तो तिच्या बाजूला आडवा झाला आणि आपल्या जागेकडे वळला.

तिथून भिंत दिसत होती आणि उशी. माणूस भिंतीकडे तोंड करून झोपला असेल, तर इथून त्याचं नाक दिसत नाही, तोंड दिसत नाही, छाती दिसत नाही. नुसती पाठ. अंधारात तीही नाही. श्वास चालू आहे की नाही हे नुसतं बघून कळायला इथून काही मार्ग नव्हता. पाठीवर हात ठेवल्याशिवाय कळलं नसतं. आणि हात जड ठेवला असता, तर झोपलेला जागा झाला असता.

त्याने हात उचलला आणि जिथे त्याची पाठ असते तेवढ्या उंचीवर, हवेत, हलका धरला. खाली रस्त्यावर कुणी तरी कुणाला हाक मारत होतं. ऊन चादरीवरून सरकत होतं. पाच मिनिटांत त्याचा हात भरून आला. त्याने तो खाली घेतला नाही.